कोर्टात न भांडता लग्न कसं संपवायचं: पहिल्या बोलण्यापासून शेवटच्या सहीपर्यंत

लग्न मोडायचं पक्कं झालं की आजूबाजूचे सगळे एकच सल्ला देतात, चांगला वकील गाठ आणि समोरच्यानं केस टाकायच्या आत तू टाक. मलाही तेच सांगितलं गेलं, मी खरंच फाइल घेऊन एका वकीलबाईंकडे गेले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग एवढंच विचारलं की तुला यातलं नेमकं काय हवंय जे जजशिवाय दुसरं कुणी देऊच शकत नाही? मी घरी येऊन वही घेऊन बसले, यादी केली, मुलीचे दिवस, घर, लोन, नोकरी सोडून मी घरी काढलेली चार वर्षं, आणि त्यात एकही गोष्ट अशी निघाली नाही जी आम्ही दोघं, कुणाची तरी मदत घेऊन का होईना, ठरवू शकलो नसतो. पुढे आठ महिने लागले, सोपं अजिबात नव्हतं, पण भांडायला म्हणून आम्ही कोर्टात एकदाही उभे राहिलो नाही. तेव्हा जे कळलं आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांबरोबर बसून जे पाहिलं ते क्रमानं लिहिते आहे.

आधी दोन कामं वेगळी करा

डिव्होर्स म्हणजे खरं तर दोन कामं असतात आणि आपण ती एकत्र कालवतो. एक काम म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं लग्न संपलं असा शिक्का. दुसरं म्हणजे मुलं कुठे राहणार, घराचं काय, लोन कोण फेडणार, कुणी कुणाला दर महिन्याला किती द्यायचे. वर्षानुवर्षं जे रखडतं ते दुसरं काम, शिक्का नाही. आणि दुसरं काम जजकडून करून घ्यायची सक्ती जवळपास कुठेच नसते, तुम्ही ठरवून आणलंत तर कोर्ट साधारणपणे ते बघून त्यावर सही करतं.

शिक्क्याचं काय करायचं हे तुमच्या देशावर (आणि काही ठिकाणी तुमच्या धर्माला लागू असलेल्या कायद्यावर) अवलंबून आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून दोघं राजी असतील तर सहसा जजसमोर जावंच लागत नाही, दोघांचे वेगवेगळे वकील करारावर सही करतात, सहीच्या आधी १५ दिवस विचार करायला सक्तीनं दिलेले असतात आणि मग तो करार नोटरीकडे जमा होतो, मात्र अल्पवयीन मुलानं मला जजशी बोलायचंय असं म्हटलं तर मामला कोर्टात जातो. स्पेनमध्ये २०१५ पासून लहान मुलं नसलेली जोडपी नोटरीकडे जाऊन लग्न संपवू शकतात, ब्राझीलनं ही सोय २००७ मध्येच केली. जपानमध्ये तर सुमारे ९० टक्के घटस्फोट दोघांनी एक फॉर्म भरून, दोन सज्ञान साक्षीदारांच्या सह्या घेऊन पालिकेच्या ऑफिसात दिला की होतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये अर्ज कोर्टातच जातो पण एप्रिल २०२२ पासून कुणाची चूक होती हे सांगायची गरज उरलेली नाही, दोघं मिळूनही अर्ज करता येतो, अर्जानंतर २० आठवडे आणि मग पहिल्या आदेशानंतर आणखी ६ आठवडे थांबावं लागतं. भारतात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली परस्पर संमतीनं अर्ज करता येतो, त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग सहा महिन्यांचा थांबा असतो जो योग्य केसमध्ये माफ करता येतो असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलं, आणि शेवटचा आदेश व्हायच्या आधी दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं हे तिथल्या लोकांनी पक्कं लक्षात ठेवावं.

म्हणून सगळ्यात पहिलं काम, एका वकिलाकडे तासभर बसून तीन प्रश्न विचारा: आमच्याकडे शिक्का कोण देतं, किती थांबावं लागतं, आणि आम्ही ठरवलेलं बंधनकारक करायला नक्की काय करावं लागतं. केस टाकायची म्हणून जाऊ नका, माहिती घ्यायला म्हणून जा आणि तसं आधीच सांगा.

थांबा, हा रस्ता तुमच्यासाठी आहे का

हे मी मुद्दाम इतक्या वर लिहिते आहे. मारहाण, धमक्या, सतत पाळत, पैसे रोखून धरणं, मूल उचलून नेईन असं म्हणणं, यातलं काहीही असेल तर समोरासमोर बसून ठरवू या असं कुणीही म्हटलं तरी ऐकू नका. टेबलावर दोघं समान ताकदीनं बसले तरच बोलणी होतात, भीतीनं दिलेला होकार हा होकार नसतो. हिंसाचाराविरुद्धचा २०११ चा इस्तंबूल करार आहे, तो मंजूर केलेल्या देशांवर अशा केसमध्ये मेडिएशनची, म्हणजे तटस्थ माणसाच्या मदतीनं बसून तडजोड करण्याची, सक्ती करायला बंदीच घातलेली आहे (कलम ४८). ऑस्ट्रेलियात मुलांबाबत कोर्टात जायच्या आधी तडजोडीचा प्रयत्न केल्याचं सर्टिफिकेट लागतं पण घरात हिंसा असेल तर त्यातून सूट आहे. अशा वेळी कोर्ट हा शेवटचा उपाय नसतो, पहिला असतो, संरक्षणाचा आदेश घ्या, सुरक्षित जागी जा, बाकीचं नंतर.

एक मधली अवस्था पण असते. मारहाण नाही, पण तो बोलायला लागला की मी गप्पच होते, किंवा ती रडायला लागली की मी काहीही कबूल करतो. इथे मेडिएशन होऊ शकतं, फक्त मेडिएटरला पहिल्या फोनवरच हे सांगा आणि दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवून तो स्वतः ये-जा करेल अशी मागणी करा. चांगला मेडिएटर पहिल्यांदा दोघांशी एकेकट्यानं बोलतोच आणि भीती वाटते का हे सरळ विचारतो. ज्यानं हे विचारलंच नाही त्याच्याकडे मी तरी जाणार नाही.

आणखी एक, समोरचा पैसा लपवतोय अशी ठोस शंका असेल तर कोर्टाची ताकद लागते. मेडिएटर कुणाला बँकेचे कागद आणायला भाग पाडू शकत नाही, कोर्ट पाडू शकतं.

कुठले कुठले रस्ते आहेत

सगळ्यात साधा म्हणजे दोघांनीच बसून ठरवणं. लग्नाला थोडीच वर्षं झालीत, मूल नाही, एकत्र घर नाही, दोघांची कमाई आहे, तर चार संध्याकाळी पुरतात, शेवटी वकिलाकडून कागद नीट करून घ्यायचा. पण मुलं आणि लोन असेल तर फक्त दोघांच्या भरवशावर जाऊ नका कारण कितीही समजूतदार असलात तरी तिसऱ्या बैठकीला जुनं काहीतरी निघतं आणि सगळं हातघाईवर येतं, मग महिनाभर बोलणं बंद.

मेडिएशन हा बहुतेकांना जमणारा रस्ता. मेडिएटर हा तटस्थ माणूस, तो निकाल देत नाही, कोण बरोबर ते सांगत नाही, कुणाला काय मिळायला हवं हेही सांगत नाही, तो बोलणं रुळावर ठेवतो, मुद्दे वेगळे करतो, आकडे फळ्यावर मांडतो, आणि दोघं एकाच गोष्टीवर तिसऱ्यांदा घसरले की तिथून बाहेर काढतो. साधारण तास-दीड तासाची एक बैठक अशा काही बैठका लागतात. तिथे बोललेलं सहसा गोपनीय असतं म्हणजे उद्या कोर्टात गेलात तरी ती अमुक द्यायला तयार होती असं कुणी सांगू शकत नाही, फक्त मुलाला धोका असल्यासारख्या गोष्टींना अपवाद असतो. निवडताना मला महत्त्वाचे वाटलेले प्रश्न असे: कौटुंबिक मेडिएशनचं ट्रेनिंग कुठलं घेतलंय, पैशांचे गुंते हाताळता का, फी कशी आणि दोघांनी कशी विभागायची, आणि बैठकीनंतर लेखी टिपण देता का. शेवटचा प्रश्न विसरू नका. आमच्या पहिल्या मेडिएटरनं टिपण दिलंच नाही आणि पुढच्या बैठकीत मागच्या वेळी काय ठरलं यावरच पाऊण तास गेला, मग आम्ही मेडिएटर बदलला.

तिसरा रस्ता कोलॅबोरेटिव्ह डिव्होर्स. हा १९९० मध्ये अमेरिकेतल्या मिनीॲपोलिस शहरातल्या स्टू वेब नावाच्या वकिलानं सुरू केला, कोर्टातल्या भांडणांना कंटाळून त्यानं ठरवलं की यापुढे फक्त तडजोडीचंच काम करायचं. यात दोघांचे आपापले वकील असतात आणि चौघं एका टेबलाशी बसतात, पण सुरुवातीलाच एक करार होतो की बोलणी फिसकटली आणि कुणी कोर्टात गेलं तर या दोन्ही वकिलांनी केस सोडायची. ही अटच या पद्धतीचा जीव आहे, कारण मग भांडण वाढण्यात वकिलाचा फायदा राहत नाही आणि पक्षकारालाही नवा वकील करायचा खर्च दिसत असतो त्यामुळे तो उठून जायच्या आधी दहादा विचार करतो. गरज पडली तर पैशांचा एक तटस्थ जाणकार आणि मुलांसाठी समुपदेशक घेता येतो. खर्च मेडिएशनपेक्षा जास्त. पण एकाला पैशातलं सगळं कळतं आणि दुसऱ्याला काहीच नाही अशी जोडी असेल तर मी हाच सुचवते, कारण ज्याला कळत नाही त्याच्या शेजारी त्याचा स्वतःचा माणूस बसलेला असतो.

लवाद म्हणजे आर्बिट्रेशन, यात तुम्ही दोघं मिळून एक खाजगी जज नेमता आणि तो देईल तो निर्णय मान्य करायचा असं आधीच लिहून देता. इंग्लंडमध्ये पैशांच्या वादांसाठी अशी योजना २०१२ मध्ये आली आणि मुलांच्या वादांसाठी २०१६ मध्ये. फायदा म्हणजे तारीख तुमच्या सोयीची आणि सगळं बंद दाराआड. तोटा म्हणजे निर्णय पटला नाही तरी अपील करायला जागा फार कमी. मुलांबद्दलचा शेवटचा शब्द बऱ्याच देशांत कोर्ट स्वतःकडेच ठेवतं, तेव्हा आधी चौकशी करा. बाकी सगळं ठरलंय आणि दुकानाची किंमत किती धरायची एवढंच अडलंय अशा वेळी फक्त तेवढा मुद्दा लवादाकडे देता येतो, हे फार कमी लोक करतात आणि करायला हवं.

अजून एक छोटी पण कामाची गोष्ट, तटस्थ मत. दोघं मिळून एखाद्या अनुभवी वकिलाला किंवा निवृत्त जजला कागद दाखवायचे आणि विचारायचं की हे कोर्टात गेलं तर साधारण काय होईल. ते मत कुणावर बंधनकारक नसतं. पण एकजण ७० टक्क्यांवर अडून बसलाय आणि दोघांनी निवडलेला माणूसच म्हणतो की ५० च्या आसपास होईल, तर गाडी हलते.

बोलायला कसं काढायचं

समोरच्यानं वकिलाची नोटीस पाठवायच्या आत हे झालं तर बरं. फोनवर भांडताना काढू नका. मी एक छोटा मेसेज लिहिला होता, दोन दिवस खोडत होते, शेवटी असा गेला: "आपण वेगळे होतोय हे दोघांनाही मान्य आहे. मला ते कोर्टात भांडून करायचं नाहीये. दोन मेडिएटरची नावं काढली आहेत, तू तिसरं सुचव, तुला पटेल तो घेऊ. या महिन्याच्या शेवटपर्यंत सांगशील का?" यात आरोप नाही, निवडीचा हक्क समोरच्याला आहे आणि तारीख आहे. एकट्यानं मेडिएटर ठरवून फीसुद्धा भरून टाकली तर समोरच्याला वाटतं हा तिचाच माणूस आहे, तेव्हा तसं करू नका.

कागद गोळा करा, यात घाई करू नका

माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. दोघांनी आपापली यादी करायची आणि एकमेकांना द्यायची, पूर्ण. किमान तीन वर्षांची बँक स्टेटमेंट, टॅक्स रिटर्न, पगाराच्या स्लिपा, घराचे कागद, लोनची आजची बाकी, विमा, पेन्शन आणि निवृत्तीचे फंड, शेअर, क्रिप्टो, दागिने, गाडी, धंद्याचे हिशेब, क्रेडिट कार्डं, कुणाला उसने दिलेले, आणि कुणाच्या लोनला जामीन राहिला असाल तर तेही. एका एक्सेल शीटमध्ये चार रकाने करा, काय आहे, कुणाच्या नावावर, आजची किंमत, त्यावर कर्ज किती. किंमत कुठल्या तारखेची धरायची ती एकच तारीख दोघांनी आधी ठरवा नाहीतर शेअर वर गेले की एकजण म्हणणार आजचा भाव आणि खाली गेले की दुसरा म्हणणार आजचा भाव.

महिन्याच्या खर्चाची पण शीट करा, दोन घरांची. एका घरात जे भागत होतं ते दोन घरांत भागत नाही हे आकड्यात दिसलं की दोघंही जरा खाली येतात, आम्ही आलो.

पूर्ण कागद न बघता कुठल्याच आकड्याला हो म्हणू नका. आणि स्वतःही काही लपवू नका, लपवलेलं नंतर सापडलं तर पुष्कळ ठिकाणी झालेला करार उघडता येतो, आणि मग तुम्ही जे टाळत होता ते कोर्ट समोर येतं.

मुलांपासून सुरुवात करा

पैशांच्या आधी मुलांचं बोलून घ्या, कारण पैशांवरून एकदा वाजलं की दिवसांची अदलाबदल पैशांशी व्हायला लागते, तू घर सोड मी तुला दोन रविवार जास्त देतो, आणि हे फार वाईट आहे.

कस्टडी कुणाकडे हा शब्द थोडा बाजूला ठेवा आणि कॅलेंडर उघडा. सोमवारी सकाळी शाळेत कोण सोडणार? आजारी पडली तर सुट्टी कुणी घ्यायची? वाढदिवस, लांब सुट्टी, सणवार, एका वर्षी इकडे एका वर्षी तिकडे का दोन भाग? आणायला-सोडायला कोण जाणार आणि उशीर झाला तर किती वेळ आधी कळवायचं? रोजचा फोन कधी? शाळा बदलणं, ऑपरेशन, असले मोठे निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे की एकानं? पासपोर्ट कुणाकडे राहणार? परदेशात न्यायचं असेल तर दुसऱ्याची लेखी परवानगी घ्यायची हे नक्की लिहा, कारण परवानगीशिवाय मूल दुसऱ्या देशात नेलं तर १९८० चा हेग करार लागू असलेल्या देशांत ते परत पाठवण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. नव्या जोडीदाराशी ओळख कधी करून द्यायची यावर पण बोला, अवघड वाटतं तरी बोला.

अगदी लहान मुलाला एका पालकापासून लांबची ताटातूट झेपत नाही, तिथे थोडा थोडा वेळ पण वारंवार भेट बरी, शाळेतल्या मुलाला आठवड्याचा ठरलेला नमुना लागतो आणि पंधरा-सोळाच्या मुलाचं स्वतःचं वेळापत्रक असतं, त्याला विचारल्याशिवाय केलेला प्लॅन टिकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलाचं म्हणणं ऐकलं जावं असा हक्क आहे (कलम १२). ऐकायचं म्हणजे त्याच्यावर निर्णय टाकायचा असं नाही. तुला कुणाकडे राहायचंय हा प्रश्न मुलाला कधीच विचारू नका, त्याऐवजी दोन घरांत तुला काय काय लागेल हे विचारा. आमची मुलगी म्हणाली मला दोन्हीकडे माझी उशी हवी, तेवढंच. काही मेडिएटर मुलांशी वेगळं बोलायचं ट्रेनिंग घेतलेल्या माणसाला बोलावतात, मूल थोडं मोठं असेल तर याचा उपयोग होतो.

खर्चाचं बारकाईनं लिहा. दर महिन्याची रक्कम एक, पण चष्मा, दातांच्या तारा, सहल, क्लास, लॅपटॉप यासाठी वेगळा नियम हवा, ठराविक रकमेच्या वरचा खर्च आधी विचारून करायचा आणि मग कमाईच्या प्रमाणात वाटायचा. महागाईप्रमाणे रक्कम दरवर्षी कशी वाढणार तेही आत्ताच ठरवा.

घर, लोन आणि बाकी पैसे

घराचं गणित असं मांडा. किंमत १०० धरली आणि लोन ४० बाकी आहे तर वाटायला ६० आहेत, १०० नाहीत, आणि विकायचं असेल तर विक्रीचा खर्च आणि टॅक्स त्यातून आणखी जातो. मग तीनच मार्ग उरतात, विकून वाटून घेणं, एकानं दुसऱ्याचा हिस्सा विकत घेणं, किंवा काही वर्षं तसंच ठेवून नंतर विकणं. तिसरा घेतलात तर विकायचं कधी, तोपर्यंत हप्ता कोण भरणार, दुरुस्ती कोण करणार, आणि मधेच एकानं लग्न केलं तर काय, हे सगळं लिहा.

आमच्यात दोघांनाही घर हवं होतं आणि तीन बैठका त्यातच गेल्या. मग मेडिएटरनं घर कुणाला हा प्रश्न बंद करून घर कशासाठी असं विचारलं. मला ते मुलीच्या शाळेजवळ राहायचं म्हणून हवं होतं, त्याला भीती होती की त्यानं सुरुवातीला घातलेले पैसे बुडतील. म्हणजे भांडण एकाच घराचं पण गरजा वेगळ्या. शाळा संपेपर्यंत मी राहायचं, त्याचा हिस्सा टक्क्यांमध्ये कागदावर पक्का, मग विक्री. कुठेही अडलात की हा प्रश्न विचारून बघा, हे कशासाठी हवंय.

आता लोनचं, आणि हे नीट वाचा कारण इथे मी स्वतः अडकले. तुमच्या दोघांच्या करारात लोन तो फेडेल असं लिहिलं म्हणून बँक बांधली जात नाही. बँकेशी झालेल्या करारावर दोघांच्या सह्या आहेत, त्यानं हप्ता चुकवला की बँक तुमच्याच मागे येते. गाडीच्या लोनवर माझं नाव तसंच राहिलं होतं, दीड वर्षानं मला वसुलीचे फोन यायला लागले आणि माझा क्रेडिट स्कोअर खाली गेला, कागदावर मात्र सगळं त्याच्याकडे लिहिलेलं. म्हणून असं लिहा: अमुक तारखेपर्यंत लोन एकाच्या नावावर करून घ्यायचं किंवा फेडून टाकायचं, आणि बँकेनं नाव काढायला नकार दिला तर मालमत्ता विकायची. जॉइंट क्रेडिट कार्डं आणि ओव्हरड्राफ्ट लगेच बंद करा.

पेन्शनमधले १० आणि बचत खात्यातले १० सारखे नसतात, एकाला हात लावायला वीस वर्षं आहेत आणि काढताना टॅक्स लागू शकतो. तुम्ही घर घ्या मी पेन्शन ठेवतो असली अदलाबदल जाणकाराकडून तपासल्याशिवाय करू नका. जो बराच काळ घर सांभाळत होता त्याची पेन्शन सहसा कमी साठलेली असते, त्याच्यासाठी हा मुद्दा मोठा आहे.

पोटगी महिन्याला द्यायची की एकरकमी? एकरकमी असेल तर संबंध तिथे संपतो आणि थकायची भीती राहत नाही, पण पुढे गरज वाढली तर परत मागायला जागा बहुतेक उरत नाही. महिन्याला असेल तर किती वर्षं, नोकरी गेली तर काय, आणि देणारा मेला तर काय, यासाठी विमा घेऊन ठेवतात.

बैठकीत टिकायचं कसं

बैठकीआधी दोन-तीन मुद्दे ठरवून दोघांना पाठवा आणि तेवढ्यावरच बोला. जुन्या जखमा निघणारच, त्यासाठी वेगळा समुपदेशक घ्या, मेडिएटरचा वेळ त्यात घालवू नका. समोरच्याचा प्रस्ताव आला की लगेच नाही म्हणू नका, लिहून घ्या आणि यात मला काय जमेल असं स्वतःला विचारा. एक मुद्दा अडला तर बाजूला ठेवून पुढचा घ्या, बाकी सगळं मिटल्यावर तो बऱ्याचदा लहान होतो. आणि त्याच दिवशी शेवटची सही कधीच करू नका, मग मेडिएटर कितीही म्हणो की आज संपवून टाकू. घरच्यांना बैठकीत आणू नका, आई-वडील, भाऊ, बहीण बाहेर बसले तरी चालतील पण टेबलावर दोघंच.

लिहिताना

तोंडी ठरलेलं म्हणजे पाण्यावरची रेघ. प्रत्येक वाक्यात कोण, काय, कधीपर्यंत, कसं, आणि नाही झालं तर काय, एवढं असायला हवं. "सुट्टीत मूल वडिलांकडे पुरेसा वेळ राहील" हे वाक्य दोन वर्षांनी नक्की भांडण लावणार. "लांब सुट्टीतले पहिले १५ दिवस वडिलांकडे, पहिल्या दिवशी सकाळी १० ला वडील आणायला येतील, पंधराव्या दिवशी संध्याकाळी ६ ला आईकडे सोडतील, तारखा सुट्टीच्या दोन महिने आधी मेलवर पक्क्या करायच्या" असं लिहा. पुढे वाद झाला तर आधी मेडिएटरकडे जायचं आणि मग कोर्टात, हे एक कलम घालाच.

मेडिएशनमध्ये तयार झालेलं टिपण बहुतेक ठिकाणी आपोआप बंधनकारक होत नाही. सहीच्या आधी दोघांनी आपापल्या वेगळ्या वकिलाकडून ते वाचून घ्यायचं, एकच वकील दोघांसाठी नको. मग तुमच्या कायद्याप्रमाणे ते कोर्टाच्या संमती-आदेशात, नोटरीच्या दस्तात किंवा जिथे जे लागतं त्यात बदलून घ्यायचं. इंग्लंडमध्ये कितीतरी लोक डिव्होर्सचा शिक्का घेतात आणि पैशांच्या करारावर कोर्टाचा आदेश घेत नाहीत, मग वर्षांनंतरही समोरचा माणूस दावा करू शकतो. शिक्का मिळाला म्हणजे पैशांचा विषय संपला असं धरू नका.

जमलं नाही तर

दोनदा तारीख देऊनही समोरचा कागद आणत नाही, ठरलेलं प्रत्येक वेळी फिरवतो, किंवा बोलणी चालू असताना खात्यातून पैसे हलवतो, तर थांबा. महिनोन्‌महिने भिजत घोंगडं ठेवण्यात फायदा त्याचाच असतो. आणि बोलणी चालू आहेत म्हणून कायद्यातल्या मुदती थांबतातच असं नाही, त्या तारखा वकिलाकडून लिहून घेऊन कॅलेंडरवर टाका. दहातले आठ मुद्दे मिटले असतील तर त्या आठांवर सही करून दोनच कोर्टात न्या, तेही पुष्कळ वाचवतं.

शिक्क्यानंतरच्या पंधरा दिवसांत

सगळे दमलेले असतात आणि हे राहून जातं. बँक खाती, विमा आणि निवृत्तीचे फंड यांवरचा नॉमिनी बदला, डिव्होर्स झाला म्हणून तो बऱ्याच ठिकाणी आपोआप बदलत नाही. मृत्युपत्र नव्यानं करा. ईमेल, फोन, बँक, क्लाउड सगळ्यांचे पासवर्ड बदला, फॅमिली प्लॅनमधून बाहेर पडा, फोनचं लोकेशन शेअरिंग बंद करा. मुलांचे फोटो आणि व्हिडिओ आधी दोघांच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि मगच शेअर केलेलं अकाउंट बंद करा, एका मैत्रिणीनं घाईत अकाउंट आधी बंद केलं आणि तिच्या मुलाच्या पहिल्या दोन वर्षांचे फोटो गेले. शाळेला आणि डॉक्टरला दोघांचे नंबर आणि कोण कुठल्या दिवशी येणार हे लेखी द्या. मुलांच्या गोष्टींसाठी एक वेगळा ईमेल किंवा शेअर केलेलं कॅलेंडर ठेवा, बाकी काही त्यात लिहायचं नाही. आणि सहा महिन्यांनी एक बैठक आत्ताच मेडिएटरकडे बुक करा, कारण मुलांचा प्लॅन पहिल्या सहा महिन्यांत कुठे ना कुठे अडतोच, आमचा बुधवारच्या क्लासवर अडला होता आणि त्या बैठकीत बुधवारचा गुरुवार झाला.